शार्लीनचा खांदा आणि माझा बर्फ

११ फेब्रुवारी

ही डायरी केरी-ऍनने मला रिटायरमेंटला दिली होती. "डॅड, मनात येईल ते लिही." दीड वर्ष कोरी राहिली. मनात काही आलंच नाही, त्याला मी काय करू? रस्ते खात्याच्या वर्कशॉपमध्ये रोज संध्याकाळी यंत्रांची नोंद लिहायचो. काय बिघडलं, काय केलं, चाललं की नाही. इथेही तसंच लिहीन.

काय बिघडलं: शार्लीन. दुकानाच्या मागच्या पायरीवरून घसरली आणि उजव्या खांद्यावर आपटली. हिलोच्या हॉस्पिटलात आज ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "फ्रीजरचं दार नीट लावलंस ना?"

लावलं म्हणालो. लावलं नव्हतं. घरी येताना दुकानात जाऊन लावलं.

१४ फेब्रुवारी

हात गळ्यातल्या झोळीत. दोन महिने तो हलवायचा नाही. शार्लीन म्हणाली, तोवर दुकान बंद ठेवू. मी म्हणालो, बंद कशाला? मी आहे ना.

"तू?"

"बर्फच तासायचाय ना? रोड रोलर पूर्ण उघडून परत जोडलाय मी. एकही बोल्ट उरला नव्हता."

ती इतकी हसली की खांदा दुखायला लागला आणि वरून मलाच ओरडली.

संध्याकाळी केरी-ऍनचा लास वेगासहून फोन. तिचं नेहमीचंच. दुकान विका, इकडे या, अर्धी हवाई इथेच येऊन राहिलीय, हवाईची आठ बेटं, तर वेगास म्हणजे आपलं नववं बेटच की. इतकी वर्षं शार्लीन यावर "नाही" म्हणत आली. आज म्हणाली, "बघू." मी लक्ष नसल्यासारखं दाखवलं.

१८ फेब्रुवारी

पहिला दिवस. गर्दीच गर्दी!

दुकान शार्लीनच्या वडिलांचं. ऊस कारखाना चालू होता तेव्हा पाळी सुटली की कामगार थेट इथे यायचे. कारखाना गेला, माझा सासरा म्हातारा मेदेरोस गेला, शेव्ह आइस, म्हणजे तासलेल्या बर्फावर गोड पाक, तेवढं राहिलं. त्याचं जुनं चाकाचं जपानी यंत्र कोपऱ्यात आहे, पण काम विजेच्या यंत्रावर चालतं. दोन्ही यंत्रांच्या पात्यांना धार मी लावतो, लग्न झाल्यापासून. म्हणजे या दुकानाच्या नावातला निम्मा वाटा माझा आहे, हे मी शार्लीनला अनेकदा सांगितलंय. तिने ते अजून मान्य केलेलं नाही.

दार उघडलं तर मानोंग फाउस्तो हजर. मानोंग म्हणजे थोरला भाऊ, सगळं गाव त्यांना तशीच हाक मारतं. सगळं आयुष्य ऊसतोडीत गेलं, आता नव्वदीला आलेत, पण दुपारचं शेव्ह आइस चुकवत नाहीत. वर ली हिंग, म्हणजे सुकवलेल्या आलुबुखाराची खारट-आंबट पूड, बाकी काही नाही. मी दिलं. त्यांनी खाल्लं. कुडुमकुडुम आवाज बाहेरपर्यंत आला.

"वेंडल, या वयातही माझे दात मजबूत आहेत. आज कळलं मला."

खूश झाले बिचारे.

शेजारची पर्ल आली आणि तिने घरच्या सगळ्यांसाठी नेलं. मी बर्फ गच्च दाबून भरला. हात आखडता घेऊन देणं मला जमत नाही. नंतर पाहिलं तर ट्रकच्या मागच्या भागात तिचा कुत्रा एक मोठा कप चघळत बसला होता. मुक्या प्राण्यांवर फार जीव तिचा.

शार्लीन मागच्या खुर्चीवर बसून होती. दिवसभर एक शब्द बोलली नाही. मला वाटतं, माझं काम बघून थक्क झाली असावी.

२ मार्च

मोठा शोध लावला.

बर्फ फ्रीजरमधून काढून तडक यंत्रावर चढवला की त्याचे खडे पडतात. थोडा वेळ बाहेर ठेवला की वरचा पांढुरका थर जातो, लादी काचेसारखी दिसायला लागते, आणि मग तासला की नुसता कापूस. तोंडात घातला की राहतच नाही. खड्यांवर पाक ओतला तर तो कपाच्या बुडाशी जाऊन बसतो, या कापसात मात्र ओतला तिथेच मुरतो.

हे मला सुचलं ते असं. शार्लीन खुर्चीतून म्हणाली, "वेंडल, बर्फाला जरा घाम येऊ दे." मी म्हणालो, बर्फाला कसला घाम? ती म्हणाली, "मी यंत्राजवळ इतक्या गप्पा का मारायचे असं वाटतं तुला?" मी मनात म्हणालो, गप्पिष्ट आहेस म्हणून. पण एक लादी बाहेर ठेवून पाहिली. बाकीचं सगळं माझं मीच शोधलं.

दाबायचंही नाही. कप खाली धरून हलक्या हाताने फिरवत राहायचं, हिम पडल्यासारखं पडू द्यायचं. मला वाटायचं कमी दिसेल. उलट डोंगरासारखं दिसतं.

मानोंगनी खाल्लं. आवाज नाही. "आज दात वापरावे लागले नाहीत," म्हणाले, आणि दुसरा कप मागितला.

१९ मार्च

पाक करायला शिकतोय. शार्लीन बाटलीतला रंग विकत घेत नाही. पेरूचा, लिलीकोईचा, नारळाचा, सगळे घरी करते. लिलीकोई म्हणजे आमच्या कुंपणावर वेल चढलेत ती पिवळी आंबट फळं. गर काढायचा, बिया गाळायच्या, साखरेबरोबर मंद आचेवर ठेवायचा. मी ठेवला आणि मधेच यंत्राचा पट्टा बघायला गेलो. पातेलं जळलं.

"चॉकलेटचा पाक विचारलाय कुणी?" शार्लीन नाक धरून म्हणाली.

दुसऱ्यांदा केला. तिने चमच्याने चाखला. "हं."

वडील गेल्यानंतर माझ्या बायकोने "हं"च्या पलीकडे कुणाची स्तुती केलेली नाही. मी ते "हं" घेऊन झोपलो.

८ एप्रिल

लादीच्या साच्यातलं पाणी आता दोनदा उकळून घालतो, म्हणजे बर्फात बुडबुडे राहत नाहीत. ही कल्पना खरोखर माझी. शार्लीनने लादी उजेडात धरून आरपार पाहिली. एका हातात लादी पेलली तिने! डावा हात भलताच मजबूत झालाय तिचा. मला वाटतं डावाच होता.

सकाळी लवकर उठतो आता. गॅरेजमध्ये गेलो नाही बरेच दिवस. आज हातोडी लागली म्हणून गेलो तर बाकावर धूळ बसली होती. वेळच नसतो.

२४ एप्रिल

व्यायामासाठी शार्लीनला मी क्लिनिकमध्ये सोडायचो. आता म्हणते, तू दुकान सांभाळ, पर्ल नेईल. गेल्या आठवड्यापासून पर्लच नेते. हे व्यायाम फार लांबतात. काल दोघी दुपारी गेल्या त्या दिवस मावळताना परत आल्या. शार्लीनच्या केसांना नवा कट होता आणि पर्लच्या हातात केकचं खोकं.

"हात कसा आहे?"

"दुखतोय," शार्लीन म्हणाली. पर्लला मोठा खोकला आला.

क्लिनिकवाल्यांचं काही खरं नाही. इतके दिवस झाले आणि हात अजून झोळीतच. मी म्हणालो, मी येऊन बोलतो त्यांच्याशी. शार्लीन म्हणाली, "अजिबात नको." कुणाचं मन दुखवणं तिला जमत नाही.

घरी आलो तर दोरीवर चादरी वाळत होत्या, चारी टोकं ताणून नीट घातलेल्या. पर्लच्याच हातचं काम असणार. आभार मानायला हवेत.

५ मे

हिलोहून माणसं येतात आता. मुद्दाम गाडी काढून! आज एक बाई म्हणाली, "अंकल, असा बर्फ दुसरीकडे कुठे खाल्ला नाही." तळाला गोड शिजवलेले अझुकी, म्हणजे तांबड्या चवळीसारखे दाणे, त्यावर आइस्क्रीम, त्यावर बर्फ, अर्ध्यावर पेरू, अर्ध्यावर लिलीकोई, आणि शिखरावर आटवलेलं दूध. तिने फोटो काढला. मी दोन्ही बाजूंनी काढायला लावला.

शार्लीनकडे पाहिलं तर ती खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती. खांदा दुखत असणार. मी विचारलं तर म्हणाली, "ली हिंग डोळ्यात गेलं."

११ मे

होनोलुलूचा एक जण आला होता. त्याला इथे कॉफीचं दुकान काढायचंय. केरी-ऍनने त्याला आमचा नंबर दिला. माणूस वाईट नव्हता. बूट मात्र फार स्वच्छ. भिंती ठोकून पाहिल्या त्याने.

तो गेल्यावर शार्लीनने विचारलं, "तुला काय वाटतं?"

मी म्हणालो, "तू म्हणशील तसं."

"मी तुला विचारतेय."

"मीही तुलाच विचारतोय."

तिने भांडी जरा जोरातच आपटली.

काय वाटतं ते इथे लिहितो. मला जायचं नाही. सकाळी लादी काढून टेबलावर ठेवतो, ती काचेसारखी व्हायची वाट बघत रस्त्याकडे बघतो, त्या वेळी मला जे वाटतं ते रस्ते खात्यात एवढी वर्षं काढून कधी वाटलं नाही. पण दुकान तिचं आहे. तिचा हात बरा होत नाही. मी "राहू या" म्हणालो तर तिने काय करायचं? आपल्याच वडिलांच्या दुकानात मागे खुर्ची टाकून आयुष्यभर माझे हात बघत बसायचं? ती "बघू" म्हणाली ते उगाच नाही. तिला निघायचंय आणि मला दुखवायचं नाही.

१५ मे

केरी-ऍनला फोन करून सांगितलं, आम्ही यायला तयार आहोत. ती फोनवर रडली. म्हणाली, माझ्या बहिणीच्या मुलाच्या हायस्कूल ग्रॅज्युएशनला येतेच आहे, तेव्हा सगळं ठरवू.

शार्लीनला सांगितलं. वाटलं, सुटल्यासारखं वाटेल तिला. तिने हातातला चमचा खाली ठेवला.

"तुला खरंच जायचंय?"

"हो."

"बरं," म्हणाली, आणि जेवली नाही.

बायका आनंदातही जेवत नाहीत का?

२३ मे

केरी-ऍन आली. उद्या ग्रॅज्युएशन. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. समारंभ संपला की सगळं गाव इथे उतरतं. मानोंग म्हणाले, "वेंडल, उद्या तुझी परीक्षा." मी म्हणालो, मी कधीच पास झालोय. पण खरं सांगतो, रात्री दोन्ही पात्यांना परत धार लावली. शेवटचाच मोठा दिवस असेल तर चोख व्हायला हवा.

२५ मे

काल लिहायला झालं नाही. आज सगळं नीट लिहितो.

दुपारी पोरं यायला लागली. गळ्यात फुलांचे, चॉकलेटचे, चिक्क्यांचे हार, काहींचे तर नाकापर्यंत. भाच्याला तोंड उघडायला जागा नव्हती, त्याच्या आईने हार खाली दाबून धरले तेव्हा कुठे चमचा आत गेला. रांग पोस्टाच्या पलीकडे गेलेली. मी बर्फ तासत होतो, केरी-ऍन पाक ओतत होती, शार्लीन झोळीतल्या हाताने खुर्चीत. आणि वीज गेली.

रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांची गेली. यंत्र थांबलं. फ्रीजर थांबला. सगळ्या लाद्या तयार, आणि बाहेर ऊन.

केरी-ऍन म्हणाली, "डॅड, बंद करू या. लोक समजून घेतील."

"मेदेरोसचं दुकान ग्रॅज्युएशनला बंद? मी मेल्यावर."

चाकाचं यंत्र कोपऱ्यातून ओढून काढलं. पातं माझ्या धारेचं होतं, प्रश्नच नव्हता. एका हाताने चाक, दुसऱ्याने कप. सुरुवातीला झकास. पण ते चाक लोखंडाचं आहे. रांग तसूभर हलेना आणि माझा दंड मात्र पेटला. मग चाक अडखळायला लागलं आणि बर्फ जाडाभरडा पडायला लागला. मी तो कप फेकून दिला. दुसरा भरला. तोही फेकला. तसला बर्फ मी देणार नव्हतो.

"डॅड, चालेल रे!"

"नाही चालणार!"

मागून आवाज आला, "सरक."

शार्लीन उठून उभी राहिली होती. तिने झोळी डोक्यावरून काढली, बाटल्यांच्या फळीवर टाकली, आणि उजव्या हाताने चाक धरलं.

मी किंचाळलो, "खांदा! शार्लीन, तुझा खांदा!"

ती चाक फिरवायला लागली. सुरेख, एका लयीत, वडिलांसारखं. कपात हिम पडायला लागलं. मी तिचा हात धरायला गेलो तर तिने कोपराने ढकललं मला. उजव्याच.

मी रांगेकडे पाहिलं. रांग माझ्याकडे बघेना. कुणी चपला बघतंय, कुणी छप्पर.

शेवटी मानोंग फाउस्तो म्हणाले, "वेंडल, तो खांदा एप्रिलमध्येच बरा झाला."

"काय?"

"सगळ्यांना ठाऊक आहे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पर्ल दर आठवड्याला हिला हिलोला केक खायला न्यायची आणि माझा तुकडा घेऊन यायची, त्याला व्यायाम म्हणतात का रे?"

पर्ल म्हणाली, "झालं! मला खोकून खोकून घसा बसायची वेळ आली होती."

आणि मग जे हसले सगळे! पोस्टाच्या पलीकडचे आपण कशाला हसतोय हे न कळता हसले. मी बायकोकडे बघत होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "कप धर. बर्फ वितळतोय."

मी कप धरला. ती चाक फिरवायची, मी कप. ती दमली की मी चाक, ती कप. मधे काही बोलावं लागलं नाही. वीज संध्याकाळी आली तेव्हा रांग संपली होती आणि कुणीही उपाशी गेलं नव्हतं. एकही कप जाडाभरडा गेला नाही. हे मी छातीवर हात ठेवून लिहितो.

आवरून झाल्यावर मागच्या पायरीवर बसलो. मी रागावलो होतो का? थोडा.

"का केलंस असं?"

शार्लीन बोटांवरचा लिलीकोईचा चिकटपणा पुसत होती. म्हणाली, "तू गॅरेजमध्ये बसून चांगले घट्ट असलेले स्क्रू काढून परत पिळायचास. दिवसभर. मला घरात ऐकू यायचं. आवाज थांबला की मी धावत बघायला यायचे."

मला हे माहीत नव्हतं.

"मग तू दुकानात आलास. लादीवर ओरडायला लागलास, गिऱ्हाइकांशी भांडायला लागलास. घरी येऊन जेवताना बोलायला लागलास. डॉक्टरांनी झोळी काढली त्या दिवशी मी गाडीत बसले आणि परत घातली. थोडं उकडायचं, एवढंच."

"आणि वेगास? 'बघू' तूच म्हणालीस."

"तुझ्यासाठी! मला वाटलं, तिथे तरी तुझं मन रमेल. मग तूच फोन करून मोकळा झालास."

"मी तर तुझ्यासाठी केला."

"मूर्ख आहेस."

"तू जास्त."

मागे जाळीच्या दारात केरी-ऍन उभी होती. कधीपासून कोण जाणे. म्हणाली, "होनोलुलूच्या माणसाला मीच फोन करते. काय सांगू?"

"सांग," शार्लीन म्हणाली, "बर्फ खायला ये म्हणावं. कॉफी इथे मिळणार नाही."

३० मे

आता दोन यंत्रं चालतात, दोन रांगा लागतात. शार्लीनची रांग थोडी लांब असते. ती बोलते म्हणून, बर्फामुळे नाही.

केरी-ऍनला विमानतळावर सोडून आलो. जाताना गाडीत म्हणाली, "डॅड, लिलीकोईचा पाक कसा करायचा ते नीट सांग ना. तिकडे करून बघते."

मी म्हणालो, "मला काय विचारतेस? आईला विचारायचंस ना."

"विचारलं. ती म्हणाली, बाबाला विचार, त्याचा माझ्यापेक्षा चांगला होतो."

मी गाडी कडेला घेतली. म्हणालो, विमानांचा आवाज आहे, नीट ऐकू आलं नाही, परत सांग.

तिने परत सांगितलं. आकाशात एकही विमान नव्हतं.